ऑक्सफर्डचा भिंगवाला कोश, 'बर्क' या एका क्रियापदावर पारखलेला

ऑक्सफर्डच्या मोठ्या इंग्रजी कोशाची १९७१ ची 'कॉम्पॅक्ट' आवृत्ती. दोन जाडजूड खंड, निळी बांधणी, दोन्ही खंड मावतील असं पुठ्ठ्याचं खोकं आणि खोक्याच्या वरच्या अंगाला छोटा ड्रॉवर, त्यात आयताकृती भिंग. वापरलेला संच, साडेपाच हजारांना मिळाला. घ्यावा का, असं आमच्या भाषांतराच्या कामातली मंडळी विचारतात, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

इंग्रजी शब्दाचा नुसता अर्थ हवा असेल तर हा कोश घेऊ नका, मोबाइलवर भागतं. पण शब्द आला कुठून, कोणी कोणत्या साली कोणत्या वाक्यात वापरला आणि वापरता वापरता त्याचा अर्थ कुठून कुठे सरकला, हे ज्याला मनापासून हवंय त्याने बेलाशक घ्यावा. माझ्या कपाटात गेल्या काही वर्षांत आलेल्या पुस्तकांत याच्याइतकं कामाला आलेलं दुसरं नाही.

मी छत्रपती संभाजीनगरला खंडपीठाच्या वकिलांसाठी भाषांतरं करते. फिर्याद, पंचनामा, जबाब, फेरफार, खरेदीखत हे मराठीतून इंग्रजीत आणि निकाल, आदेश, नोटिसा इंग्रजीतून मराठीत. रोजच्या कामाला टेबलावरचा छोटा ऑक्सफर्ड आणि भाषा संचालनालयाचा न्यायव्यवहार कोश पुरतो. नव्वद टक्के शब्द तिथेच मिटतात. उरलेल्या शब्दांना मात्र नुसता प्रतिशब्द पुरत नाही. तो शब्द त्या वाक्यात का आला हे कळल्याशिवाय मराठी वाक्य उभंच राहत नाही.

कोणताही कोश हातात आला की मी तो एका शब्दावर तपासते. इंग्रजी कोशासाठी माझा शब्द ठरलेला आहे, 'बर्क' हे क्रियापद. इंग्रजी बोलणाऱ्या लोकांनाही ते सहसा माहीत नसतं. इंग्लंडातल्या वर्तमानपत्रात ते आता क्वचितच दिसतं. पण आपल्याकडच्या पोलीस खात्यात ते जिवंत आहे, आणि सर्वोच्च न्यायालयाच्या एका फार महत्त्वाच्या निकालातही आहे. ललिताकुमारी विरुद्ध उत्तर प्रदेश सरकार, १२ नोव्हेंबर २०१३, पाच न्यायमूर्तींचं घटनापीठ. सहा वर्षांच्या मुलीचं अपहरण झालं, वडील पोलिसांकडे गेले, तर गुन्हाच नोंदवला गेला नाही. वरच्या अधिकाऱ्यापर्यंत गेल्यावर नोंदला गेला, तरी पुढे हालचाल नाही. त्यावरून प्रश्न उभा राहिला की दखलपात्र गुन्ह्याची खबर मिळाल्यावर ती नोंदवायची की नाही हे ठरवण्याची मुभा पोलिसांना आहे का. न्यायालयाने सांगितलं, नाही. खबरीवरून दखलपात्र गुन्हा दिसत असेल तर एफआयआर नोंदवलाच पाहिजे. कौटुंबिक वाद, व्यापारी व्यवहार, वैद्यकीय निष्काळजीपणा अशा काही ठरावीक बाबतींत आधी प्राथमिक चौकशी करता येईल, तीही ठरलेल्या मुदतीत.

त्याच निकालात हा शब्द येतो. 'बर्किंग ऑफ क्राइम'. २०१२ साली देशात सुमारे साठ लाख दखलपात्र गुन्हे नोंदले गेले, तर 'बर्क' झालेले गुन्हेही वर्षाला साठ लाखांच्या आसपास असतील, असं न्यायालय म्हणतं. अशाने कायद्याचं राज्य आज पातळ होतं आणि पुढे लोकांच्या मनातला कायद्याचा मानच जातो, असंही म्हणतं. म्हणजे जेवढे गुन्हे वहीत चढले, जवळजवळ तेवढेच वहीबाहेर राहिले. एवढा मोठा अन्याय ज्या शब्दात बसवलाय, तो शब्द नुसता ओलांडून पुढे जायला मन धजत नाही.

छोट्या कोशात बघा. 'दडपणे, टाळणे' एवढं मिळेल. चुकीचं काहीच नाही. पण दडपण्यासाठी इंग्रजीत डझनभर क्रियापदं आहेत. न्यायमूर्तींनी हेच का घेतलं? एका ज्येष्ठ वकिलांनी मला फार ठामपणे सांगितलं होतं की हा शब्द एडमंड बर्कवरून आला. वॉरन हेस्टिंग्जवरचा महाभियोग चालवणारा, संसद गाजवणारा बर्क. ऐकायला पटतं. आपल्याकडच्या शिकलेल्या माणसाला बर्क म्हटलं की तोच आठवतो.

आता भिंगवाला कोश उघडा. क्रियापदाखाली चौकटी कंसात व्युत्पत्ती दिलीय, एका वाक्यात. १८२९ साली एडिंबरा इथे फाशी गेलेल्या कुख्यात गुन्हेगाराचं नाव. शरीरं विच्छेदनासाठी विकता यावीत म्हणून त्याने अनेक माणसं श्वास कोंडून मारली. एडमंड बर्क १७९७ सालीच वारला होता. प्रश्न तिथेच मिटतो. त्या एका कंसामागे काय दडलंय ते कळलं की हा शब्द परत कधीही साधा वाटत नाही. म्हणून ते नीट सांगते.

एडिंबरा त्या काळी शरीररचनाशास्त्र शिकवणारं युरोपातलं मोठं केंद्र होतं. विद्यार्थी शेकड्यांनी, आणि फाडून बघायला कायदेशीर मिळणारी प्रेतं मात्र मोजकी, कारण कायद्याने मुख्यतः फाशी दिलेल्या खुन्यांचीच देत. त्यामुळे कबरी उकरून ताजी प्रेतं विकण्याचा धंदाच उभा राहिला होता. विल्यम बर्क आणि विल्यम हेअर हे दोघे उत्तर आयर्लंडातून कालव्याच्या खोदाईच्या मजुरीला आलेले. हेअर आणि त्याची बायको शहराच्या वेस्ट पोर्ट भागात, टॅनर्स क्लोज नावाच्या बोळात, गोरगरिबांसाठी राहण्याची खाणावळ चालवत. १८२७ च्या नोव्हेंबरात तिथे एक म्हातारा पेन्शनर शिपाई आजाराने वारला. त्याच्याकडून हेअरला चार पौंड येणं बाकी होतं. दोघांनी शवपेटीत कातडं कमावायची साल भरली आणि प्रेत सर्जन्स स्क्वेअरमध्ये डॉ. रॉबर्ट नॉक्स यांच्या वर्गाला विकलं, सात पौंड दहा शिलिंगांना. या वेळी त्यांनी कोणाला मारलं नव्हतं. पण पैसे किती मिळतात आणि प्रश्न किती कमी विचारतात, हे दोन्ही त्यांना कळलं.

पुढच्या वर्षभरात त्यांनी सोळा माणसं मारली. बहुतेक सगळी निराधार. भीक मागणाऱ्या बाया, भटकी, खाणावळीत उतरलेले आजारी लोक, आणि जेमी नावाचा, सगळ्या गावाला माहीत असलेला, मतिमंद तरुण. पद्धत एकच. घरात बोलवायचं, दारू पाजायची, मग एकाने अंगावर पडून छाती दाबायची आणि दुसऱ्याने हाताने नाक-तोंड घट्ट बंद करायचं. रक्त नाही, जखम नाही, गळ्यावर वळ नाही. प्रेत ताजं आणि धड. बर्कच्याच जबाबाप्रमाणे उन्हाळ्यात आठ पौंड, हिवाळ्यात दहा.

शेवटची बाई मार्गारेट डॉकर्टी, ३१ ऑक्टोबर १८२८ च्या रात्री मारलेली. बर्कच्या घरात ग्रे नावाचं गरीब जोडपं उतरलं होतं. दुसऱ्या दिवशी त्यांना बिछान्याजवळच्या गवताखाली तिचं प्रेत दिसलं. बर्कबरोबर राहणारी हेलन मॅकडूगल हिने गप्प बसण्यासाठी आठवड्याला दहा पौंड देऊ केले. ज्यांच्याकडे रात्री अंग टाकायला स्वतःचं छप्पर नव्हतं, त्या नवरा-बायकोने ते नाकारले आणि पोलिसांत वर्दी दिली. पोलीस पोचेपर्यंत प्रेत हललं होतं. चहाच्या पेटीत घालून नॉक्सच्या वर्गाकडे गेलं होतं आणि तिथेच सापडलं.

या प्रकरणातला हा भाग मला सगळ्यात जास्त लागतो. खून करणाऱ्याचं नाव क्रियापद होऊन दोनशे वर्षं जगाच्या तोंडी राहिलं. वर्दी देणाऱ्या ॲन आणि जेम्स ग्रे यांची नावं या विषयात शिरल्याशिवाय कोणाला कळत नाहीत. आणि आपल्याकडे 'बर्किंग' म्हणजे नेमकं काय, तर कोणी ग्रे दांपत्यासारखं ठाण्याच्या पायरीवर येतं आणि त्याची वर्दी कागदावर चढत नाही.

खटल्यात सरकारी पक्षाची पंचाईत झाली. मारण्याची रीतच अशी की खून झाला हे डॉक्टर छातीठोकपणे सांगू शकत नव्हते. म्हणून हेअरला माफीचा साक्षीदार केलं. २४ डिसेंबरला सुरू झालेला खटला रात्रभर चालला आणि नाताळच्या सकाळी बर्क दोषी ठरला. मॅकडूगलवरचा आरोप 'सिद्ध नाही' म्हणून ती सुटली, हेअर सुटला, आणि डॉ. नॉक्स यांच्यावर खटलाच झाला नाही. २८ जानेवारी १८२९ ला लॉनमार्केटमध्ये सुमारे पंचवीस हजार माणसांसमोर बर्कला फाशी दिलं. शिक्षेचा भाग म्हणून त्याच्याच देहाचं विद्यापीठात जाहीर विच्छेदन झालं. त्याचा सांगाडा आजही एडिंबरा विद्यापीठाच्या शरीररचना संग्रहालयात उभा आहे. पुढे १८३१ मध्ये लंडनमध्ये अशाच खुनांची टोळी सापडली आणि १८३२ साली ब्रिटनमध्ये शरीररचना कायदा आला.

कोश इतकं सगळं सांगत नाही, ते मी इतरत्र वाचून भर घातलीय. कोशाचं खरं काम कंसाच्या खाली सुरू होतं. पहिला अर्थ: बर्कने मारलं तसं मारणे, श्वास कोंडून गुपचूप जीव घेणे. त्याखाली पहिलं उदाहरण लंडनच्या 'टाइम्स'मधलं, तारीख २ फेब्रुवारी १८२९. फाशीनंतर पाचच दिवसांनी. फाशी देणारा पुढे झाला तसा जमाव ओरडायला लागला, 'बर्क हिम! गिव्ह हिम नो रोप!' दोर देऊ नका, त्याने माणसं मारली तशीच त्याला मारा. त्या जमावाच्या तोंडी बर्क हे नाव क्रियापद होऊन गेलं होतं, तेही बर्क अजून जिवंत असताना. त्याच्या कानावर ते पडलं असणार.

भिंग त्या चार ओळींवर धरून मी बराच वेळ बसले होते. शब्दाचा जन्म असा तारखेनिशी, जागेनिशी आणि आवाजासकट क्वचित हाती लागतो.

दुसरा अर्थ लाक्षणिक. गुपचूप दडपणे, गाजावाजा न होता दाबून टाकणे. आणि त्याचं १८३५ चं उदाहरण तर माझ्या दृष्टीने या नोंदीतलं सर्वांत मोलाचं. लेखक रोबक, बाथ शहरातून निवडून आलेला जहाल मताचा खासदार. विषय डॉर्चेस्टरचे मजूर. टोलपडल गावच्या सहा शेतमजुरांनी मजुरी घटत चालली म्हणून संघटना केली, तिची शपथ घेतली, आणि बेकायदा शपथ घेतल्याच्या गुन्ह्याखाली १८३४ साली त्यांना सात वर्षं ऑस्ट्रेलियात काळ्या पाण्याची शिक्षा झाली. देशभर ओरड होऊन १८३६ मध्ये त्यांना माफी मिळाली. त्यांच्या बाजूने सभागृहात जे बोलले त्यांची भाषणं वर्तमानपत्रांत आलीच नाहीत. रोबक लिहितो की या गरीब माणसांची बाजू घेणाऱ्यांचं बोलणं वार्ताहरांनी गाळलं, आणि वार्ताहरांच्या बोलीत यालाच 'बर्क' करणं म्हणतात.

सहा वर्षांत शब्द फाशीच्या वेदीवरून बातमीदारांच्या टेबलावर आला होता. आधी ज्यांचं कोणी नाही अशा गरिबांचा श्वास कोंडायचा, नंतर गरिबांची बाजू मांडणारा आवाज. खूण न ठेवता दाबणं, ही मूळ खुनाची खोड अर्थ बदलला तरी शब्दाने सोडली नाही. भाषण खोडून काढलं तर खाडाखोड दिसते. छापलंच नाही तर काहीच दिसत नाही. एफआयआर फाडला तर तो गुन्हा होतो. लिहिलाच नाही तर फाडायला कागदच नसतो. न्यायमूर्तींनी हा शब्द का घेतला हे मला त्या दोन उदाहरणांनी दाखवलं. दहा प्रतिशब्दांनी दाखवलं नसतं.

आता या कोशाची घडण. जेम्स मरी यांनी आणि त्यांच्यानंतरच्या संपादकांनी अर्थ आधी ठरवून उदाहरणं शोधली नाहीत. हजारो हौशी वाचकांनी जुनी-नवी पुस्तकं वाचून, शब्द आणि वाक्य चिठ्ठीवर उतरवून धाडलं. चिठ्ठ्या मरींच्या पत्र्याच्या शेडमध्ये रचल्या गेल्या आणि त्यांच्या ढिगातून अर्थ लावला गेला. पहिला भाग १८८४ ला निघाला, काम संपलं १९२८ ला. मरी १९१५ सालीच गेले होते. चार लाखांवर शब्द आणि अठरा लाखांवर उदाहरणवाक्यं. 'ए' आणि 'बी' अक्षरांचा पहिला खंड १८८८ चा, म्हणजे तेव्हा 'बर्क' साठीच्या आतलाच होता, आणि 'बॉयकॉट' तर आठ वर्षांचा. बॉयकॉट या आयर्लंडमधल्या इंग्रज जमीन-कारभाऱ्याचं नाव १८८० मध्ये क्रियापद झालं आणि जगभर गेलं. 'बर्क' मागे पडला. दोघं या संचात एकाच खंडात सापडतात.

मराठीत अवतरणं देण्याची ही शिस्त दाते-कर्वे यांच्या महाराष्ट्र शब्दकोशात आहे. १९३२ ते १९३८ मध्ये निघालेले खंड, नंतर १९५० ची पुरवणी. ज्ञानेश्वरीतली ओवी, तुकोबांचा अभंग, बखरीतलं वाक्य शब्दाखाली दिसतं तेव्हा तो शब्द कोणाकोणाच्या तोंडातून गेलाय ते कळतं. ज्यांना दाते-कर्वे चाळायची गोडी आहे त्यांना ऑक्सफर्डचा हा संच पहिल्या दिवसापासून आवडेल. मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी कोशाचं प्रेम असणाऱ्यांना तो थोडा जड जाईल, कारण मोल्सवर्थ शब्दाचा स्वाद एका-दोन ओळींत देतो आणि हा कोश अर्धं पान घेतो.

संचाची मोठी उणीवही सांगते. मजकूर १९३३ च्या संचाचा जसाच्या तसा फोटो आहे, म्हणजे 'बर्क'ची नोंद १८८८ ची. आपल्या पोलीस खात्यातलं 'बर्किंग' त्यात असणार नाही, आणि नाहीच. एका निवृत्त फौजदारसाहेबांकडून मला ते समजून घ्यावं लागलं. खात्यात दोन शब्द जोडीने चालतात, बर्किंग आणि मिनिमायझेशन. पहिल्यात गुन्हा नोंदवतच नाहीत. साधा अर्ज ठेवून घेतात, 'बघतो, उद्या या' सांगतात, नाहीतर हद्दीचं कारण काढून दुसऱ्या ठाण्याला पाठवतात. दुसऱ्यात नोंदवतात, पण हलकं कलम लावून. मोबाइल हिसकावून नेला तर 'गहाळ' म्हणून दाखला देतात, मारहाण असेल तर अदखलपात्र म्हणून एनसी करतात. हद्दीत गुन्हे कमी दिसले की कामगिरी चांगली दिसते, मूळ तिथे आहे, असं ते म्हणाले. आता १ जुलै २०२४ पासून जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १५४ च्या जागी भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १७३ आलंय. कोणत्याही हद्दीतल्या गुन्ह्याची खबर कोणत्याही ठाण्यात देता येते, इलेक्ट्रॉनिक मार्गानेही देता येते. हद्दीचं कारण तरी कायद्याने संपवलंय.

'बर्किंग ऑफ क्राइम'चं मराठी मी 'गुन्हा दडपणे' असं करते, आणि पहिल्यांदा येईल तिथे 'नोंद न घेता' हे तीन शब्द जोडते. आपल्याकडे 'मुस्कटदाबी' हा तंतोतंत तोच हात दाखवणारा शब्द आहे, नाकातोंडावर दाबलेला हात. पण मुस्कटदाबी माणसाची होते, विरोधकांची, पत्रकारांची. रोबकच्या वाक्याला ती चपखल बसते. गुन्ह्याच्या बाबतीत वाचक अडखळतो आणि कोर्टाच्या कागदात वाचकाने अडखळून चालत नाही. हा फरक कुठे करायचा हे ठरवायला मला मूळ दोन्ही अर्थ वेगवेगळे, तारखांसह डोळ्यांसमोर लागतात. ते या संचाने दिले.

वापरायला कसा आहे? मूळच्या चार पानांचा एका पानावर फोटो घेतलाय, त्यामुळे अक्षर फार बारीक. तरुण डोळ्यांना भरपूर उजेडात भिंगाशिवाय जेमतेम वाचता येईल, माझ्या वयाला नाही. भिंगाशिवाय मी शीर्षशब्द शोधते आणि नोंद वाचायला भिंग घेते. छताच्या ट्यूबलाइटखाली भिंगात चकाकी येते, टेबललॅम्प डावीकडून तिरपा ठेवला की बरं पडतं. खंड मांडीवर घेऊन वाचण्याचा विचार सोडा. पहिला खंड 'ए'पासून 'ओ'पर्यंत आहे. तो सपाट टेबलावर, दोन्ही बाजूंना आधार देऊनच उघडायचा, नाहीतर पाठ फाटते. कागद पातळ असूनही मागची शाई पुढे दिसत नाही आणि इतक्या वर्षांत फार पिवळाही पडलेला नाही.

खुणा समजून घ्यायला एक संध्याकाळ द्या. शब्दाआधी कट्यारीसारखी खूण असेल तर तो शब्द वापरातून गेलेला. दोन उभ्या रेघा असतील तर तो परभाषेतला, इंग्रजीत पुरता न मुरलेला. हिंदुस्थानातून गेलेले कितीतरी शब्द या रेघांसह भेटतात. जुन्या लेखनांपुढचे सुटे आकडे शतकं दाखवतात. उच्चार मरींनी स्वतः बसवलेल्या चिन्हांत आहेत, आजच्या कोशांतल्या नाहीत, म्हणून उच्चारासाठी हा कोश वापरू नये.

१९९१ मध्ये दुसऱ्या आवृत्तीचे वीस खंड एकाच खंडात आणले, त्यात मात्र एका पानावर नऊ पानं बसवलीत. मजकूर नवा आणि जास्त, पण मी तो एका ग्रंथालयात अर्धा तास वापरला आणि डोळे चुरचुरायला लागले. मला १९७१ चाच परवडतो. ऑनलाइन कोश २००० सालापासून आहे, त्यात नोंदी सतत सुधारत असतात आणि शोध क्षणात लागतो. नव्या शब्दांसाठी आणि नव्या अर्थांसाठी त्याला पर्याय नाही. वर्गणी मात्र आपल्या कमाईच्या मानाने जड आहे. ब्रिटनमधली बहुतेक सार्वजनिक वाचनालयं सभासदांना तो फुकट उघडून देतात, माझी भाची तिथे असते, ती तसाच वापरते. आपल्याकडे विद्यापीठाच्या ग्रंथालयात चौकशी करून बघा, सभासद असाल तर तिथे बसून पाहता येईल. नोंद फक्त कधीतरी बघणार असाल तर तेवढ्यावर भागवा, संच घेऊन जागा अडवू नका.

रोज इंग्रजी-मराठी करणाऱ्या माणसाने मात्र संच घरात ठेवावा. स्क्रीनवर विचारलेला शब्दच समोर येतो, पानावर शेजारपाजारही दिसतो, आणि 'बॉयकॉट' बघायला गेलेल्या माणसाची पानं चाळता चाळता 'बर्क'शी गाठ पडते.

विकत घेताना चार गोष्टी बघा. ड्रॉवरमध्ये भिंग आहे का, कारण जुन्या संचांत तेच आधी हरवतं. नसेल तर किंमत निम्मी मागा, बाजारातलं साधं चांगलं भिंगही चालतं. पहिल्या खंडाची पाठ आणि आतली शिवण सुटलीय का, ते खंड टेबलावर उघडून बघा, दुकानदार उभ्या उभ्या दाखवत असेल तर थांबवा. कडेने कसर लागलीय का आणि दमट वास येतोय का, ते पानं फडफडवून तपासा. आणि दुसऱ्या खंडाच्या शेवटी पुरवणी आणि उद्धृत ग्रंथांची यादी शाबूत आहे का, हे पाहूनच पैसे द्या. त्या यादीवरूनच कळतं की उदाहरणापुढे अर्धवट छापलेलं नाव नेमक्या कोणत्या पुस्तकाचं आहे.